धुनीची ड्यूटी

डेरा, नदीकाठ
८ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी संसारातून निवृत्त झालेलो असेन. दचकू नकोस, प्रकृती ठणठणीत आहे. गेल्या वर्षी डेपोतून निवृत्त झालो, ती निवृत्ती वयाने लादलेली होती. ही मी स्वतः मंजूर केली आहे. मोबाईल इथे दारातल्या लाकडी पेटीत जमा करावा लागतो, म्हणून पत्राचा मार्ग.

तुला कल्पना नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. घरापासून तासाभराच्या वाटेवरचा हा उदासी साधूंचा डेरा. गुरु नानकांचे थोरले चिरंजीव श्रीचंद, त्यांच्यापासून चालत आलेली ही परंपरा. शीख धर्मातलीच, पण घरदार न करणाऱ्यांची. अंगाला राख, अंगणात अखंड धुनी, सकाळ-संध्याकाळ ग्रंथाचं वाचन आणि येईल त्याला जेवण. उदासी म्हणजे तोंड पाडून बसणं नव्हे, तर कशातच अडकून न राहणं. मी कालपासून अडकणं पूर्णपणे बंद केलं आहे.

तेव्हा तुझ्या वहिनीला पुढील गोष्टी तातडीने कळव. सिलिंडर बदलताना आतला वॉशर बोटाने चाचपून बघावा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने सरकतं, त्यावर वीट ठेवावी, पण अर्धी वीट नको, पूर्ण ठेवावी. वर्तमानपत्रवाला पुरवणी चोरतो, त्याच्यावर नजर ठेवावी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी लावलेला कामाच्या वेळांचा तक्ता कुठल्याही परिस्थितीत काढू नये.

आता मुख्य मुद्दा. इथे आल्यावर महंतांनी विचारलं, घरून परवानगी आहे ना? मी म्हणालो, आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, तुम्ही विचारलंत आणि त्या हो म्हणाल्या? मी सांगितलं की सकाळी चहाच्या वेळी पत्नीला निर्णय कळवला आहे आणि तिच्याकडून कोणतीही हरकत आलेली नाही. यावर ते का हसले मला कळलं नाही. मग सध्या पांढऱ्या कपड्यांतच राहा, भगवे नंतर बघू, असं म्हणाले. म्हणजे दीक्षा अडकली. तरी तू सवड काढून घरी जा आणि वहिनीकडून दोन ओळींचं संमतिपत्र लिहून घे. सही खाली उजवीकडे हवी.

मी सर्व पाश तोडले आहेत, तरी उत्तर उलट टपाली पाठव. मायेत फरक पडू देऊ नकोस.

तुझा विरक्त
दादा


१९ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या गणवेशाचे गठ्ठे उपसत होते. वाचता वाचता एका शर्टाची डावी बाही उजवीकडे लावून बसले. ते पोर आता वर्षभर तुझ्या नावाने खडे फोडेल. दुकान दोन दिवस बंद ठेवलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि वहिनीकडे जाऊन आले.

अरे, काय हे? संसार सोडलास आणि वॉशर धरून बसलास? साधू लोक घरातून निघताना मागे वळून बघत नाहीत म्हणतात. तू नुसता वळला नाहीस, टाकीवरची वीटसुद्धा मोजून घेतलीस! आणि गुरु नानकांचं म्हणशील, तर मला आमच्या शेजारच्या शिक्षकांनी सांगितलं की ते स्वतः संसारात राहून देव आठवा म्हणत होते, आणि थोरल्या चिरंजीवांनी संसारच मांडला नाही. दोघांचंही मला पटलं. एकाने केला, एकाने नाही केला. तुझं मात्र जगावेगळं. आधी संसार पोटभर केलास, गुडघे कुरकुरायला लागल्यावर सोडलास, आणि वर संमतिपत्र मागतोस. पाकिटावर वहिनीच्या आधी आता सौ. घालायचं की आणखी काय, हे टपालखात्याला विचारू की महंतांना?

वहिनीला मी विचारलं की दादाने सांगितलं तेव्हा तू गप्प का राहिलीस. ती कपड्यांना इस्त्री करत होती. म्हणाली, मी गप्प नव्हते, प्रश्नाची वाट बघत होते. ह्यांनी निर्णय सांगितला आणि बुटाची नाडी बांधायला घेतली. मला वाटलं, नाडी बांधून झाल्यावर विचारतील. तर ते नाडी बांधून निघूनच गेले.

संमतिपत्राचा विषय काढला तर तिने इस्त्री उभी केली. ज्याला जायचंय त्याने येऊन विचारावं, मी उत्तर देईन, एवढंच बोलली. उत्तर काय देशील म्हणून मी खोदून खोदून विचारलं. ते ज्याचं त्याला सांगेन, असं म्हणून तिने माझ्या ताटात वाढायला घेतलं. तेव्हा दादा, माझ्याकडून सहीबिही काही मिळणार नाही. बाजारातून बटणं आणल्यासारखी परवानगी आणता येत नाही रे.

चिडले आहे, पण रागावलेल्या बहिणीचाही नमस्कार पोचतो. तो घे आणि माया आटू देऊ नकोस.

तुझी
धाकटी


डेरा
१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. आ. वि. वि.

तुझ्या पत्रातला चेष्टेचा भाग वगळून उर्वरित मजकुराची नोंद घेतली.

इथे वैराग्य भरपूर आहे, पण शिस्त औषधालाही नाही. घंटा ज्याला आठवेल तो वाजवतो. जेवायला किती माणसं येणार याचा अंदाज न घेता स्वयंपाकी साधू डाळ शिजत टाकतात, आणि ती पुरते. हे कसं, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले पुरते बुवा! हे काय उत्तर झालं? पण सर्वात गंभीर प्रकार धुनीचा. मी पहिल्याच आठवड्यात चौकशी केली की ही धुनी पेटती ठेवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची. सगळ्यांची, असं उत्तर मिळालं. मी पस्तीस वर्षं डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावल्या. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, हे मला कुणी शिकवायला नको. इथे काय होतं, की येता-जाता ज्याला लाकूड खाली गेलेलं दिसेल तो एक ओंडका सरकवतो आणि पुढे जातो. कुणी नोंद करत नाही. कुणाच्याही आठवणीत धुनी विझलेली नाही म्हणे. निव्वळ नशीब, दुसरं काय!

मी महंतांची परवानगी घेऊन तक्ता केला. (बघ, परवानगी मी घेतो.) धुनीच्या तीन ड्यूट्या, प्रत्येकाला नेमलेला माणूस, आजारपणासाठी बदली कामगार आणि साप्ताहिक सुट्टी. सुट्टी कशापासून, वैराग्यापासून का, असं उंच जटाधारी साधूंनी विचारलं. त्यांना सगळे लंबू महाराज म्हणतात. माणूस चांगला आहे, पण जरा युनियनवाला वाटतो. ज्याची ड्यूटी नाही त्याने धुनीला हात लावायचा नाही, असा स्पष्ट नियम केला, म्हणजे गोंधळ नको. ध्यानाला बसताना आणि उठताना सही करण्याची पद्धतही सुरू केली होती, पण एका वृद्ध साधूंनी शेऱ्याच्या रकान्यात, उठलोच नाही, असं लिहिलं आणि बाकीचे दिवसभर हसत राहिले. महंत हे सगळं बघतात आणि चालवून बघा म्हणतात. असा साहेब मला डेपोत मिळाला असता तर!

संमतीबाबत मात्र ते ऐकेनात. कागद चालणार नाही म्हणाले. या डेऱ्याची स्वतःची एक रीत आहे, दुसरीकडे नाही. गुरु नानक दूर दूर फिरले, त्या प्रवासांनाही उदासीच म्हणतात. फार मागे इथल्या एका महंतांना असं वाटलं की गुरूंचं बोलणं आपल्याला मिळालं, पण ते निघताना घरच्या माणसांनी काय म्हटलं ते आपल्यापर्यंत पोचलं नाही. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं की या डेऱ्यात लग्न झालेला माणूस भगवे घालणार असेल, तर त्याने स्वतः घरी जाऊन विचारायचं आणि तिच्या तोंडचं उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकायचं. माझ्या मते ही अट जाचक आहे. मी आता दारात गेलो तर गल्लीतले लोक म्हणतील, आला परत. त्यापेक्षा तू वहिनीला इथे घेऊन ये. ती हो म्हणेल, मी ऐकेन, दोन मिनिटांचं काम.

टाकीवर वीट ठेवली का ते कळव. तुझ्यावरची माया नियमाप्रमाणे चालू आहे.

तुझा
दादा


२ मार्च

सौ. वन्संना स. न. वि. वि.

तुम्ही तुमच्या दादांचं पत्र मला वाचायला पाठवलंत ते मिळालं. दोनदा वाचलं. त्या जुन्या महंतांना माझा नमस्कार सांगायला हवा, पण ते आता कुठे भेटणार.

तुम्ही विचारलंत की मी कशी आहे. खरं सांगू? पहिले काही दिवस फार वाईट गेले. सकाळी सवयीने दोन कप चहा टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. कुणी तरी कडी वाजवली की धावत जायचे, तर वर्तमानपत्रवाला. (तो पुरवणी चोरत नाही. ती आठवड्यातून एकदाच येते.) घरात इतकी शांतता, की फ्रिजसुद्धा मोठ्याने बोलतो असं वाटायचं. रडले का? रडले. मग एक दिवस भूक लागली नाही म्हणून जेवले नाही, आणि दुपारी कडकडून लागली तेव्हा जेवले. तक्त्यात बसत नाही अशा वेळी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा जेवले हो! जेवणाला चव होती.

तक्ता काढलेला नाही. ह्यांचा शब्द मोडायचा नव्हता. त्याच्यावर कॅलेंडर टांगलं आहे.

आणि एक बातमी. चष्म्याच्या दुकानात मी पुन्हा जायला लागले. लग्नानंतर थोडे दिवस जात होते, आठवतं? मग ह्यांच्या ड्यूट्या पहाटेच्या लागल्या, डब्याचं जमेना, म्हणून सोडलं. मालकीणबाई आता म्हाताऱ्या झाल्यात, पण मला बघून त्यांनी खुर्चीच पुढे केली. काचा फ्रेममध्ये बसवायला हात अजून विसरलेला नाही. लोक चष्मा घालतात, समोर बघतात आणि एकदम हसतात. ते बघायला मला फार आवडतं.

वन्सं, तुमचे दादा वाईट वागले असं मी कधी म्हणणार नाही. माझ्या आजारपणात त्यांनी उशाशी बसून औषधं दिली, एक डोस चुकू दिला नाही. पण ह्यांनी मला कधी काही विचारलं नाही, कळवलं. घर बदललं, ते कळवलं. गाद्यांचा कापूस बदलायचा, ते कळवलं. आता वैराग्य, तेही कळवलं. उत्तर माझ्याकडे आहे. दोन्ही आहेत. पण प्रश्न तर येऊ दे दारात. त्यांच्याऐवजी मी तिकडे जाऊन हो म्हणायचं, हे कुठलं विचारणं?

गणवेशाची घाई संपली की हात जरा मोकळे ठेवा, बोटं फार दुखतात तुमची. माझी आठवण असू द्या.

तुमची
वहिनी


११ मार्च

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

चष्म्याच्या दुकानाचं वाचून मी मशीनवर बसल्या बसल्या शिट्टी वाजवली. शिकाऊ मुली बघतच राहिल्या.

पण माझं ऐकशील का? तो विचारायला आला तर सरळ नाही म्हण. ठणकावून नाही म्हण. मी दादाला लहानपणापासून ओळखते. घर सोडून जातो म्हणून तो लहानपणीही पिशवी भरायचा आणि आई अडवेपर्यंत कोपऱ्यावर उभा राहायचा. त्याला कुणी तरी अडवायला हवंय, बस! तू नाही म्हणालीस की तो सुस्कारा सोडेल, चार दिवस महंतांच्या गोष्टी सांगेल आणि पुन्हा टाकीवर चढेल. मी तुझ्या जागी असते तर कान धरून आणला असता.

आणि आता स्वार्थाचं बोलते, वाईट वाटून घेऊ नकोस. आईवडील गेले. तू हो म्हणालीस, दादा भगवे घालून बसला, तर माझं माहेर कुठलं गं? डेऱ्यात जाऊन पंगतीत बसू का मी? रात्रीपासून हेच डोक्यात आहे. दोन गणवेशांची कॉलर वाकडी गेली.

उत्तर लिहू नकोस, विचार कर. लोभ आहेच, तो तसाच ठेव.

तुझी
धाकटी


डेरा
१४ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

धुनी विझली.

काय झालं ते सरळ लिहितो. परवा लंबू महाराजांची ड्यूटी होती. वेळ संपली, ते तक्त्याप्रमाणे उठले. पुढची ड्यूटी स्वयंपाकी साधूंची. त्यांना मीच त्या दिवशी धान्य आणायला पाठवलं होतं आणि त्यांच्या जागी बदली लावायची राहून गेली. मध्ये कुणीच नेमलेलं नव्हतं. म्हणजे तिथे माणसं नव्हती असं नाही. सगळा डेरा त्या वाटेने येत-जात होता. प्रत्येकाने पाहिलं की लाकूड खाली गेलंय. प्रत्येकाला वाटलं, ज्याची ड्यूटी आहे तो बघेल, आपण हात लावायचा नाही, नियम आहे. पूर्वी असं दिसलं की हात आपोआप ओंडक्याकडे जायचा. तो हात मी थांबवला.

आणि धाकटे, मी स्वतः तिथून दोनदा गेलो. मी पाहिलं. संबंधितांना लेखी समज द्यायची असं मनाशी ठरवलं आणि पुढे गेलो. ओंडका माझ्या पायाशी पडला होता गं.

कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्वयंपाकी साधू गोणी खाली ठेवून धुनीशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. लंबू महाराजांनी तक्ता उतरवला, घडी घातली आणि अदबीने माझ्या हातात दिला. महंत आले, राखेत हात घातला, म्हणाले राख तर उत्तम आहे. श्रीचंदजींच्या नावाने आम्ही राखेच्याच गोळ्याला नमस्कार करतो, तेव्हा सगळं काही गेलेलं नाही. मग मला म्हणाले, इथे काडी ओढून धुनी पेटवायची नाही. संसारी माणसाच्या चुलीतून विस्तव मागून आणायचा, आणि ज्याच्या हातून विझली त्यानेच मागायचा. मी विचारलं, कुणाच्या घरून? ते म्हणाले, ज्या दारात उभं राहायला सगळ्यात जड जाईल त्या. आणि जाताच आहात तर ते दुसरं राहिलेलंही विचारून या.

मी सांगून पाहिलं की आमच्या घरी गॅस आहे, निखारा मिळणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. ते म्हणाले, ते त्या माऊली बघतील.

अजून गेलेलो नाही. सगळे साधू थंड राखेभोवती बसतात आणि माझ्याकडे अगदी प्रेमाने बघतात, ते सहन होत नाही. मला भीती वाटते. ती नाही म्हणेल याची नव्हे. नाही म्हणाली तर घरी येईन, त्यात काय. मला विचारण्याचीच भीती वाटते. मी आयुष्यात कुणाला असं विचारलेलंच नाही, की उत्तर काय येईल ते आधी माहीत नाही. वाक्य कसं सुरू करतात?

तुझा
दादा


१९ एप्रिल

ती. दादास शि. सा. न.

मला पत्रं लिहीत बसलास आणि तिकडे साधूंना थंड राखेशी बसवलंस! हे पत्र वाचून झालं की ऊठ. वाक्य कसं सुरू करतात म्हणे! जाऊ का, असं सुरू करतात आणि तिथेच संपवतात. पुढे मुद्दे जोडायचे नाहीत, वॉशरवर यायचं नाही. बूट घालू नकोस, नाहीतर पुन्हा नाडीत वेळ काढशील. चप्पल सरकव आणि चालू लाग.

आणि दादा, धुनीचं वाचून मला रडू आलं. तुझ्यासाठी आलं. हे पहिल्यांदाच सांगते आहे, जपून ठेव.

तुझी
धाकटी


२८ एप्रिल

सौ. वन्संना स. न. वि. वि.

ते आले होते. सगळं क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हाला तर्क लढवायला नकोत.

मी दुकानातून येऊन चपला काढत होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात हे. पांढरे कपडे, दाढी वाढलेली, हातात लोखंडी पातेलं आणि त्यात राख. वाळले आहेत, पण चेहरा बरा वाटला. आत या म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, विस्तव मागायला आलोय. मी काही विचारलं नाही, तुमच्याकडून सगळं कळलेलंच होतं. गॅसवर विस्तव कुठला मिळायचा? माळ्यावर मोडक्या स्टुलाचा पाय होता. तो चिमट्यात धरला आणि मोठ्या आचेवर ठेवला. चांगला फुलायला वेळ लागतो हो लाकूड. तेवढा वेळ मी ओट्याशी आणि ते दारात. तिथून त्यांना स्वयंपाकघर दिसत होतं. तक्त्यावरचं कॅलेंडर दिसलं असणार, जागा बदललेलं टेबलही. ओठ दोनदा हलले. पण बोलले नाहीत. मला इतकं नवल वाटलं, की चिमटा हातातून सुटता सुटता राहिला.

निखारा त्यांच्या राखेत ठेवून दिला. मग ते म्हणाले, आणखी एक मागायचं आहे. मला तिकडे राहायचं आहे. जाऊ का? आणि थांबले. वन्सं, उत्तरासाठी थांबलेले हे मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहिले. माझ्याकडे बघत होते. खरोखर माहीत नव्हतं त्यांना मी काय म्हणेन ते.

तुमचं म्हणणं माझ्या लक्षात होतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला नाही म्हणावंसं वाटलं, अगदी पोटातून वाटलं. कारण मी ज्या माणसाची इतकी वर्षं वाट बघितली, विचारणाऱ्या माणसाची, तो आत्ता कुठे दारात येऊन उभा राहिला होता. आणि काय विचारत होता? तर जाऊ का! मला हसू पण आलं आणि रागही आला. देवाचा म्हणा, ह्यांचा म्हणा, कुणाचा ते कळेना.

पण कुणी खरंच विचारलं की खरंच उत्तर द्यावं लागतं. अडवण्यासाठी नाही म्हटलं असतं तर ते आले असते, आणि महिनाभरात आम्ही दोघं पुन्हा होतो तिथे. मला दुकान आवडतं. भूक लागेल तेव्हा जेवायला आवडतं. आणि त्यांना ती राख आवडते, पातेलं धरलेल्या हातांवरून मला कळलं, इतक्या हळुवारपणे त्यांनी काही धरलेलं मी पाहिलं नव्हतं. मी हो म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. तुम्ही ओळखता त्यांना, तुमचं बरोबर होतं, थोडी तरी अडवेल असं वाटलं असणार. हो ना, असं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. मग म्हणाले, गॅस बंद केलास ना? आणि स्वतःच जीभ चावली. मी हसले, तेही हसले. दोघं एकदम हसल्याला किती काळ लोटला होता, देव जाणे.

जिना उतरून खाली उभे राहिले. मी दाराआड. त्यांना वाटत असावं मी हाक मारेन. मला वाटत होतं ते वर येऊन, नाही जात, म्हणतील. कुणीच काही केलं नाही. मग निखारा राखेत फार वेळ टिकत नाही म्हणून ते गेले. मी दार लावलं आणि पोट दुखेपर्यंत रडले. अजूनही लिहिताना थांबावं लागतं आहे.

काल स्वयंपाकी साधू दुकानात चष्मा बदलायला आले होते. धुनी पहिल्याच फुंकरीत धरली म्हणाले. ह्यांना भगवे मिळाले. आता काय काम द्यायचं असं महंतांनी विचारलं, तर ह्यांनी उलट विचारलं, मी नुसता बसू का? बसतात म्हणे. आणि वाटेत ओंडका दिसला की सरकवतात.

आता माझं. तुम्ही माहेराचं लिहिलं होतं, ते मला लागलं. आजवर जो लोभ मिळाला तो तुमच्या भावाची बायको म्हणून मिळाला, आणि तो भाऊ आता या घरात नाही. पत्राच्या शेवटी लोभ असावा असं आपण लिहून टाकतो, जसं काही ते आधीच ठरलेलं आहे. या वेळी मी तसं लिहीत नाही, विचारते. माझ्यावर, माझ्या एकटीवर, लोभ ठेवाल का? कागदावर हो लिहून पाठवू नका. इथे या आणि माझ्या समोर बसून सांगा.

वाट बघते.

वहिनी